टपालावर चालणारं हृदय

ग्रेहाउंड हे कुत्रं पळण्यासाठीच घडवल्यासारखं असतं. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, पाय काटक्यांसारखे. शर्यतीच्या ट्रॅकवर यांत्रिक सशामागे सोडलं, की बघणाऱ्याची मान वळेपर्यंत ते पलीकडच्या वळणावर पोचलेलं असतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड डोनाल्ड, जॉन शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी काही शर्यतीची कुत्री घेतली आणि शस्त्रक्रिया करून त्यांच्या हृदयाला मेंदूशी जोडणारे मज्जातंतू कापले. रक्तवाहिन्यांना धक्का लावला नाही. जखमा भरल्यावर कुत्र्यांना पुन्हा ट्रॅकवर उतरवलं.

पळताना हृदयाचा वेग वाढतो तो मेंदूच्या हुकमाने, हे तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतं. मग हुकूम आणणारी तारच तोडल्यावर कुत्रं चार उड्या मारून धापा टाकत बसायला हवं होतं. तसं झालं नाही. कुत्री पळाली, आणि जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने पळाली. काही वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने आणखी एक डाव टाकला. कुत्र्यांना प्रोप्रॅनोलॉल दिलं. अॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा हृदयावर होणारा परिणाम हे औषध अडवतं. धडधाकट कुत्र्यांचं त्याने फारसं बिघडलं नाही. मज्जातंतू तोडलेली कुत्री मात्र चांगलीच मागे पडली.

याचा अर्थ असा, की हृदयाला निरोप दोन वाटांनी येतात. एक वाट मज्जातंतूंची. ती फोनसारखी, इकडे बोललं की तिकडे ऐकू गेलं. दुसरी वाट रक्तातून. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, ते रक्तात मिसळतं, फिरत फिरत हृदयापर्यंत पोचतं. हे टपाल. पोचतं नक्की, पण पोस्टमनच्या चालीने. फोन तोडलेली कुत्री टपालावर पळत होती, आणि प्रोप्रॅनोलॉलने टपालपेटीलाच कुलूप लावल्यावर थकली.

हृदय प्रत्यारोपण झालेला माणूस नेमका या कुत्र्याच्या जागी असतो. शल्यविशारद महाधमनी शिवतात, फुप्फुसाकडे जाणारी धमनी शिवतात, मोठ्या शिरा शिवतात. मज्जातंतू कोणी शिवत नाही. ते इतके बारीक आणि विखुरलेले असतात, की शिवता येतच नाहीत. त्या माणसाने व्यायाम कसा करावा, त्याचा रक्तदाब का चढतो, आणि तो उतरवणाऱ्या काही गोळ्या त्याच्या व्यायामाच्या मुळावर का येतात, हे सगळं या एका तुटलेल्या फोनपासून सुरू होतं.

आधी बसल्या जागची नाडी पाहू. आपलं हृदय मिनिटाला ७० च्या आसपास ठोके टाकतं, पण ती त्याची स्वतःची चाल नव्हे. ती लगाम खेचलेली चाल आहे. व्हेगस नावाचा मज्जातंतू चोवीस तास हृदयाला आवरून धरत असतो. अँथनी जोस या संशोधकाने १९६० च्या दशकात निरोगी माणसांच्या हृदयावरचा हा लगाम आणि वेग वाढवणाऱ्या मज्जातंतूंचा चाबूक, दोन्ही औषधांनी काही वेळ बाजूला काढले आणि हृदय एकटं असताना किती वेगाने चालतं ते मोजलं. त्यातून एक सोपं गणित निघालं: ११८ मधून वयाच्या ०.५७ पट वजा करा. विशीतल्या तरुणाला ते १०७ च्या आसपास येतं, पन्नाशीच्या माणसाला ९० च्या आसपास.

प्रत्यारोपित हृदयाचा लगाम कायमचाच सुटलेला. त्यामुळे त्याची बसल्या जागची नाडी ९० ते ११० लागते आणि रात्री झोपेतही फारशी उतरत नाही. यातली गंमत अशी, की पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांच्या छातीत विशीतल्या मुलाचं हृदय आलं, तर ते नव्या मालकाच्या वयाला विचारत नाही. ते आपल्या मूळ वयाच्या हिशेबाने चालतं. घरचे लोक बोटाला ऑक्सिमीटर लावतात, १०२ आकडा बघतात आणि घाबरून दवाखान्यात फोन करतात. या हृदयाच्या बाबतीत तो आकडा बिघाडाचा नाही.

याहून विलक्षण गोष्ट जुन्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ईसीजीत दिसते. स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाच्या अलिंदांचा मागचा भाग तसाच ठेवून त्यावर नवं हृदय शिवत. त्या उरलेल्या तुकड्यात जुन्या हृदयाचा स्वतःचा ठोके देणारा बिंदूही राहून जाई, आणि त्याचे मज्जातंतू शाबूत असत. म्हणून ईसीजीच्या कागदावर एकाच माणसाच्या दोन पी-लहरी उमटत. एक नव्या हृदयाची, जिच्यामागून खरा ठोका पडतो. दुसरी जुन्याची. ती शिवणीची रेघ ओलांडू शकत नाही, त्यामुळे तिच्यामागून काहीच घडत नाही. माणूस जिना चढायला लागला की ही जुनी लहर लगेच घाईला येते, झोपला की निवांत होते. मेंदू फोन करतोय आणि बिऱ्हाड सोडून गेलेल्या घरात घंटा वाजते आहे. शेजारच्या घरात, जिथे खरं काम चालू आहे, तिथे काहीच ऐकू येत नाही. हल्ली बहुतेक ठिकाणी शिरा थेट जोडण्याची पद्धत वापरतात, त्यामुळे हे दृश्य कमी झालं आहे. पण प्रत्यारोपणानंतर शरीरात काय तुटतं, हे समजावून सांगायला त्या दुहेरी कागदाइतकं चांगलं चित्र मला तरी माहीत नाही.

आता ते पंचावन्न वर्षांचे गृहस्थ जिना चढायला लागले असं समजू. शस्त्रक्रियेला वर्ष होऊन गेलं आहे, तब्येत उत्तम आहे, घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे.

तुम्हीआम्ही पहिल्या पाचसहा पायऱ्यांतच नाडी वाढवून घेतो. लगाम सैल होतो आणि हृदय उचल खातं. यांचं हृदय पहिला मजला येईपर्यंत जवळपास पूर्वीच्याच चालीने चालू असतं. मग पायांना जास्तीचं रक्त कोण पुरवतं? पायच. पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त पिळून वर ढकललं जातं, हृदयाचे कप्पे जास्त भरतात, ताणले जातात, आणि जितके ताणले जातात तितक्या जोराने ते आकुंचन पावतात. जर्मनीचे ऑटो फ्रँक आणि इंग्लंडचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावाने हा नियम शिकवला जातो. त्याला मेंदू लागत नाही, मज्जातंतू लागत नाही. तो स्नायूचा स्वतःचाच गुण आहे. ठोक्यांची संख्या तीच, पण प्रत्येक ठोक्याला ओंजळ जास्त भरलेली.

दुसऱ्या मजल्यापर्यंत टपाल पोचायला लागतं. नाडी हळूहळू वाढते. तिसऱ्या मजल्यावर गृहस्थ दार उघडतात, खुर्चीत बसतात, पाणी मागतात, आणि नेमकं तेव्हा त्यांचं हृदय जोरात धावत असतं. कधीकधी व्यायाम थांबल्यानंतर पहिल्या एकदोन मिनिटांत नाडी आणखी वर जाते. कारण पत्रं तर वाटेत आहेतच. ती परत बोलावता येत नाहीत. रक्तातलं अॅड्रेनलिन ओसरेल तसा वेग उतरतो, आणि त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

पुनर्वसन विभागातल्या फिजिओथेरपिस्ट ज्या दोन गोष्टी या रुग्णांच्या कानीकपाळी ओरडून सांगतात, त्यांची मुळं इथे आहेत. सुरुवातीला पाच ते दहा मिनिटं सावकाश अंग गरम करा, म्हणजे पत्रं पोचायला वेळ मिळेल. आणि शेवटी एकदम थांबू नका, आणखी पाच ते दहा मिनिटं मंद चालत राहा. पाय अचानक थांबले की रक्त पायांतच साचतं, हृदयाकडे परत येणारा ओघ आटतो, आणि ज्या हृदयाची सारी मदार भरून येण्यावर आहे ते उपाशी पडतं. रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आपल्या बाबतीत शेवटी थोडं चाललं तर बरं, एवढंच असतं. यांच्या बाबतीत तो व्यायामाचाच भाग.

मनगटावरच्या घड्याळाचा नाडीचा आकडाही इथे फसवतो. '२२० मधून वय वजा करा' हा जिममधला हिशेब तर सरळ विसरायचा. त्याऐवजी वापरतात ती स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांची श्रममापनाची पट्टी. ती ६ पासून २० पर्यंत जाते, आणि ६ पासून का, याला कारण आहे: निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण त्याची नाडी मिळते. प्रत्यारोपित हृदयाला तो गुणाकार लागू पडत नाही. पट्टी मात्र लागू पडते, कारण ती हृदयाला विचारतच नाही. पाय किती जड झाले, श्वास किती लागला, हे विचारते. बहुतेकांना ११ ते १४ च्या दरम्यान राहायला सांगतात, म्हणजे 'हलकं' ते 'जरा अवघड'. घरगुती भाषेत सांगायचं तर चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये.

हृदय प्रत्यारोपणाच्या पहिल्या काळात रक्तदाब हा प्रश्नच नव्हता, कारण तो होण्याइतकं माणूस जगतच नव्हता. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. त्यांचे रुग्ण लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले आणि न्यूमोनियाने गेले. नवं हृदय शेवटपर्यंत चालू होतं; शरीराने ते नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्तीच झोपवली होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी हे धाडस केलं. जगातल्या अगदी पहिल्या काही प्रत्यारोपणांत मुंबईचं नाव आहे, हे आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं. तो रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, नकार आवरणारं नेमकं औषध नव्हतं. कायदा १९९४ मध्ये आला. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मुंबईत पुन्हा हृदय बसायला २०१५ चा ऑगस्ट उजाडावा लागला, आणि ते हृदय आलं पुण्याहून.

औषध मात्र त्याच्या बरंच आधी सापडलं होतं, आणि तेही मातीत. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीचा एक कर्मचारी सुटीवर नॉर्वेत गेला होता. कंपनीची माणसं जातील तिथून मातीचे नमुने पिशवीत भरून आणत असत. त्याने हार्डांगरविडा नावाच्या उघड्या, गार पठारावरची माती आणली. तिच्यातल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघालं. १९७२ च्या सुमारास सँडोझच्याच बाझलमधल्या प्रयोगशाळेत त्याचा प्रतिकारशक्ती दबवण्याचा गुण ध्यानात आला, १९८३ मध्ये अमेरिकेत ते वापरात आलं, आणि प्रत्यारोपणाचं सगळं चित्रच पालटलं. पुढे जपानच्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जिवाणूने टॅक्रोलिमस दिलं. आज बहुतेक रुग्ण तेच घेतात.

या दोन्ही औषधांनी माणसं जगवली आणि त्यांचे रक्तदाब चढवले. आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये पहिल्या वर्षातच सुमारे ७० टक्के आणि पाच वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसत आलं आहे. म्हणजे ज्याला होत नाही तोच अपवाद. पूर्वी बीपी नॉर्मल होतं, उलट निकामी हृदयामुळे कमीच असायचं, असे लोक वर्षभरात तीन-तीन गोळ्यांवर येतात आणि आपलं काहीतरी चुकलं असं समजून खजील होतात. त्यांचं काही चुकलेलं नसतं.

होतं असं, की ही औषधं मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळतात. रक्त कमी पोचल्यावर मूत्रपिंड शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवतं. शिवाय लघवीवाटे जाऊ पाहणारं मीठ परत खेचून घेणारी जी यंत्रणा तिथे असते, तीही या औषधांनी जास्त कामाला लागते. शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू झिरपत असतो, जो वाहिन्या सैल ठेवतो. तो कमी होतो आणि आवळणारी रसायनं वाढतात. त्यावर पहिल्या वर्षाची स्टिरॉइड्स, जी मीठ साठवतात, भूक वाढवतात आणि चेहऱ्याला गोलाई आणतात. आणि तुटलेला फोन इथेही आडवा येतोच. शरीरात पाणी वाढलं की हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि एरवी ती खबर मेंदूकडे जाऊन जादा पाणी बाहेर टाकण्याची सोय होते. वरून खाली येणारी तार तुटलीच होती; खालून वर जाणारीही तुटलेली असते.

यामुळे रक्तदाबाची एक विशिष्ट खोड या रुग्णांत दिसते. तो रात्री उतरत नाही. धडधाकट माणसाचा रक्तदाब झोपेत दहा-वीस टक्के खाली येतो. यांचा पुष्कळदा दिवसाइतकाच राहतो. दवाखान्यात सकाळी अकरा वाजता घेतलेला १३० चा आकडा बघून सगळे खूश होतात, आणि रात्री दोन वाजताही तो १३० च असतो. म्हणून दंडाला चोवीस तास पट्टा बांधून मोजणी करण्याला इथे नेहमीपेक्षा जास्त किंमत आहे. पट्टा रात्रभर फुगतो, झोपमोड होते, रुग्ण वैतागतात. तरी तो एक रात्र सोसावा असं मी म्हणेन.

गोळ्यांकडे येऊ, कारण इथे कुत्र्यांची गोष्ट पुन्हा पुढे येते. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'लोल' असतं, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे, त्या प्रोप्रॅनोलॉलच्याच घराण्यातल्या. त्या टपालपेटीला कुलूप लावतात. साध्या बीपीच्या माणसाला त्याने जरा सुस्ती येईल. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा मात्र जिना चढण्याचा मोठा आधार जातो. कधी त्यांचीही गरज पडते, आणि ती ठरवणं हृदयरोगतज्ज्ञांचं काम आहे. पण गल्लीतल्या डॉक्टरांनी बीपी वाढलंय म्हणून सहज लिहून दिलेली गोळी, शेजाऱ्याच्या डबीतली गोळी, या माणसाने घ्यायची नाही.

दुसरा पेच डिल्टियाझेमचा. हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं, रक्तदाबाला चांगलं. पण यकृतातलं जे विकर सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस मोडून काढतं, त्यालाच ते अडवतं. परिणामी त्याच मात्रेत रक्तातली पातळी चढते. काही डॉक्टर याचा मुद्दाम फायदा घेतात आणि महागड्या औषधाची मात्रा कमी करतात. न कळत घेतलं तर मात्र मूत्रपिंडांवर बेतू शकतं. ग्रेपफ्रूट हेच करतं, आणि आपल्याकडचं त्याचं भावंड पपनसही. त्या फोडी या घरात नकोत. अॅम्लोडिपिन त्या मानाने सोज्वळ. सायक्लोस्पोरिनबरोबर त्याने कधी हिरड्या सुजतात, पाय सुजतात, पण हिशेब बिघडत नाही. 'प्रिल' आणि 'सार्टन' घराण्यातल्या गोळ्याही चालतात, फक्त रक्तातल्या पोटॅशियमवर डोळा ठेवून, कारण टॅक्रोलिमस ते आधीच वाढवतं.

पोटॅशियमवरून एक घरगुती सापळा आठवतो. बीपी आहे म्हणून कोणीतरी प्रेमाने 'लो सोडियम' मीठ आणून देतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. या रुग्णाला ते साध्या मिठापेक्षा घातक ठरू शकतं. मीठ बदलू नये, कमी करावं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सुकट यांच्याशी असलेलं नातं दूरचं करावं. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी हा आणखी एक सापळा: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात आणि बीपी चढवतात.

मग व्यायामाने रक्तदाब उतरतो का? लोकांना 'हो' ऐकायचं असतं. मी 'हो, पण' म्हणेन.

'हो'च्या बाजूला सगळ्यात ठसठशीत पुरावा कोपनहेगनचा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात २७ रुग्ण होते, शस्त्रक्रियेला वर्षं उलटून गेलेले. त्यातल्या निम्म्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, सायकलवर अंतराअंतराने जोर लावला: कधी चार मिनिटं, कधी दोन, कधी फक्त तीस सेकंद, पण ताकदीच्या ८० टक्क्यांहून वर. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १४२ वरून १२७ वर आला. व्यायाम न केलेल्यांचा होता तिथेच राहिला. पंधरा अंकांचा उतार ही चांगल्यापैकी एका गोळीची कामगिरी आहे. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडाही वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला २३.९ वरून २८.३ मिलिलिटरवर गेला, आणि दंडातल्या धमनीची सैल होण्याची क्षमता सुधारली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. औषधं ज्या अस्तराला कोरडं पाडतात, तिथेच व्यायाम काम करतो. रक्त जोराने वाहिलं की वाहिनीच्या आतल्या भिंतीला घासतं, आणि त्या घासण्यानेच तिथून नायट्रिक ऑक्साइड सुटतो.

'पण'च्या बाजूला हे, की प्रत्येक अभ्यासात रक्तदाब असा उतरलेला नाही. आणि अभ्यासच मुळात थोडे. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या चाचण्या धुंडाळल्या, तेव्हा हाती लागल्या दहा, त्यांत रुग्ण मिळून ३००. तालुक्याच्या नाट्यगृहातल्या पुढच्या रांगा भरतील इतकेच. त्यातून दम वाढतो हे पक्कं ठरलं. बाकी बरंच अंधुक राहिलं. म्हणून व्यायाम सुरू केला आणि गोळ्या सोडल्या, असं कोणी करू नये. गोळी कमी करायची वेळ आली तर ती मोजणीवरून येईल आणि डॉक्टर सांगतील.

दमाचा पुरावा मात्र भक्कम आहे, आणि तो जुना आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॉस एंजेलिसच्या जॉन कोबाशिगावा यांच्या गटाने २७ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांच्या आतच दोन गटांत वाटलं. सहा महिने देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता ४९ टक्क्यांनी वाढली. घरी जमेल तसं करा म्हणून सांगितलेल्यांची १८ टक्क्यांनी. हृदय तर दोन्ही गटांना नवंच मिळालं होतं. फरक पडला तो पायांत. वर्षानुवर्षं हृदय निकामी होत जाताना मांड्या वाळलेल्या असतात, स्नायूंमधल्या केशवाहिन्या विरळ झालेल्या असतात, आणि स्टिरॉइड्स उरलेले स्नायूही खातात. नातेवाईक छातीकडे बघत असतात, अडचण मात्र गुडघ्याच्या वर असते.

मग नॉर्वे पुन्हा येतो. बराच काळ तज्ज्ञांचं मत होतं, की अंतराअंतराने जोर लावण्याचा व्यायाम या हृदयांना झेपणार नाही. टपाल इतकं सावकाश, तर चार मिनिटांच्या जोराला ते पुरं कसं पडणार? ऑस्लोच्या कारी न्यूट्रोएन आणि सहकाऱ्यांनी करूनच पाहिलं. चार मिनिटं त्या-त्या माणसाच्या कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत जोर, मग तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. कमाल नाडी तक्त्यावरून नव्हे, प्रत्येकाची प्रत्यक्ष चाचणी करून काढलेली. वर्षभरात दम वाढला, आणि नव्या हृदयाच्या धमन्यांच्या भिंती जाड होत जाण्याचा जो आजार या रुग्णांना पुढे छळतो, त्याची चालही मंदावलेली दिसली. २०१९ मध्ये त्याच मंडळींनी नुकतंच प्रत्यारोपण झालेल्या ८१ रुग्णांवरची तुलना प्रसिद्ध केली: जोराच्या व्यायामाने क्षमता सुमारे २५ टक्के वाढली, बेताच्या व्यायामाने १५ टक्के. ज्या देशाच्या मातीतून रक्तदाब चढवणारं औषध निघालं, तिथल्याच लोकांनी या हृदयांसाठी घाम गाळायची रीत शोधावी, हा योगायोग मला आवडतो. मात्र हे सगळं देखरेखीखाली झालं. वाचून घरच्या ट्रेडमिलवर करून बघण्याचा हा प्रकार नव्हे.

सुरुवात चालण्यानेच असते. उरोस्थी कापून तारेने शिवलेली असते, ती सांधेपर्यंत दोनअडीच महिने जड उचलणं, ढकलणं, हातांवर भार देऊन पलंगावरून उठणं बंद. त्यानंतर वजनं उचलण्याची कसरत मात्र टाळू नये. बीपी आहे म्हणून वजन नको, असं पुष्कळ जण धरून बसतात. फ्लोरिडातल्या रँडी ब्रेथ यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की प्रत्यारोपणानंतर दोनच महिन्यांत कंबरेच्या मणक्यांची हाडं स्टिरॉइड्समुळे १२ ते १५ टक्के विरतात, आणि सहा महिने नेमाने वजनाचा व्यायाम करणाऱ्यांची जवळपास पूर्वपदावर येतात. न करणाऱ्यांची येत नाहीत. वजन हलकं घ्यावं, आवर्तनं जास्त करावीत आणि श्वास रोखू नये. रक्तदाब उसळतो तो वजनाने कमी, दम धरून कुंथण्याने जास्त.

एक गोष्ट या सगळ्यात भीतीदायक आहे आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी. तुटलेल्या तारांमधून कळही वर जात नाही. धमनी तुंबली तरी या माणसाच्या छातीत बहुधा दुखत नाही. म्हणून कालपर्यंत सहज जमणारी फेरी आज अचानक जड गेली, श्वास लागला, घोट्यांना सूज आली, दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, ताप आला, तर व्यायाम तिथेच थांबवून रुग्णालयाला कळवायचं. नकाराचा झटका चालू असतानाही व्यायामाला सुटी.

तार कधीच जुळत नाही का? थोडीफार जुळते. म्यूनिकच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९ रुग्णांच्या हृदयांची अशा रसायनाने छायाचित्रं घेतली, जे फक्त जिवंत मज्जातंतूंच्या टोकांत शिरतं. काहींच्या हृदयात, मुख्यतः पुढच्या भिंतीत, तंतू पुन्हा उगवलेले दिसले. ज्यांच्यात उगवले होते त्यांची नाडी व्यायामात जास्त वर जात होती, आणि ते जास्त वेळ टिकत होते. हे उगवणं वर्षभरानंतर कुठे जाणवू लागतं आणि पुढे वर्षानुवर्षं सावकाश चालू राहतं. पण परत येतात ते मुख्यतः चाबकाचे तंतू. लगामाचे फार कमी, फार उशिरा. त्यामुळे सातव्या-आठव्या वर्षी आपले ते तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सकाळी भराभर चालायला लागले तरी, परत आल्यावर गेटपाशी थांबत नाहीत. वॉचमनला हात करून इमारतीभोवती आणखी दोन फेऱ्या सावकाश मारतात आणि मग जिन्याकडे वळतात.